वडील काय करतात?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



दर रविवारी सकाळी नऊ वाजता आमच्या तालुक्याच्या गावातल्या वाचनालयाच्या मागच्या खोलीत एक टेबल मांडलं जातं. टेबलाच्या एका अंगाला तीन खुर्च्या, दुसऱ्या अंगाला एक. तीन खुर्च्यांवर आम्ही तिघं निवृत्त माणसं बसतो. एक मी, एक मुख्याध्यापक आणि एक बँकेतून निवृत्त झालेल्या बाई. समोरच्या एकट्या खुर्चीवर येऊन बसतात ती आपल्या बुलडाणा जिल्ह्यातली मुलं-मुली. कुणी लेखी परीक्षा पास होऊन मुलाखतीची वाट बघतंय, कुणाला बँकेचं बोलावणं आलंय, कुणी एखाद्या कंपनीत अर्ज टाकलाय. आम्ही त्यांची खोटी मुलाखत घेतो, खऱ्या मुलाखतीची तालीम म्हणून. फी नाही, पाटी नाही. चहा मात्र ज्याचा त्याने.

या तालमीत मी पहिला प्रश्न नेहमी एकच विचारतो, "वडील काय करतात?"

प्रश्न सोपा आहे. त्याचं उत्तर पाठ करावं लागत नाही. पण मी इतक्या वर्षांत पाहत आलोय, या प्रश्नाला आपल्याकडची बरीच मुलं मान खाली घालतात. "शेती, सर." मग जरा थांबून, "म्हणजे काही नाही, शेतीच." एक मुलगा तर म्हणाला, "वडील घरीच असतात." मी म्हटलं, आजारी आहेत का रे? तर नाही, चार एकर कोरडवाहू शेती करतात. चार एकरात सोयाबीन अन् तूर काढणारा माणूस मुलाच्या हिशेबी "घरीच" असतो!

मला त्या मुलांचा राग येत नाही. कारण १९८३ साली त्या एकट्या खुर्चीवर मी बसलो होतो आणि माझीही मान अशीच खाली गेली होती. आज तीच हकीकत तुम्हाला सांगणार आहे.

आमचं गाव नांदुऱ्याच्या बाजूचं, म्हणजे घाटाखालचं. आपल्या जिल्ह्याचे हे दोन भाग तुम्हाला ठाऊकच आहेत. बुलडाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा, देऊळगावराजा हे घाटावरचे. खामगाव, शेगाव, मलकापूर, मोताळा, नांदुरा, जळगाव जामोद, संग्रामपूर हे घाटाखालचे. घाटाखाली काळी जमीन आणि कापूस. वडील कापूस लावायचे, थोडी ज्वारी घ्यायचे. मी अकोल्याला खोली करून शिकत होतो. बी. ए. झालो, परीक्षांचे अर्ज भरू लागलो आणि एका लेखी परीक्षेत पास झालो. मुलाखतीचं पत्र आलं. आमच्या गावात असं पत्र येण्याची ती पहिलीच वेळ. पोस्टमननं ते पारावर मोठ्यानं वाचून दाखवलं आणि मगच माझ्या हातात दिलं.

मग मी तयारीला लागलो. तयारी कसली? पाठांतर. त्या साली मार्चमध्ये दिल्लीला अलिप्त राष्ट्रांची सातवी परिषद झाली होती, ती पाठ. जूनमध्ये आपण विश्वचषक जिंकला होता. झिम्बाब्वेविरुद्ध कपिल देवच्या नाबाद १७५ धावा पाठ. देशोदेशीच्या राजधान्या पाठ, चलनं पाठ. आरशासमोर उभा राहून "गुड मॉर्निंग सर" म्हणण्याचा सराव. मित्राचा कोट उसना, तो खांद्यात सैल. बूट चुलतभावाचे, ते पायात घट्ट. असा मी मुंबईला गेलो.

समोर चार जण होते. मधोमध बसलेले गृहस्थ वयस्कर होते, बोलायला मऊ. त्यांनी माझा अर्ज पाहिला आणि विचारलं, "वडील काय करतात?"

"शेती."

"काय पिकतं?"

"कापूस. ज्वारी."

"मग कापूस एकाधिकार खरेदी योजना माहीत असेल."

मला हायसं वाटलं. हे पाठ होतं. "हो सर. राज्य शासनानं १९७२ साली सुरू केली. खासगी व्यापाऱ्यांऐवजी शासनानं शेतकऱ्याचा सगळा कापूस विकत घ्यायचा, अशी ती योजना."

"बरोबर. गेल्या हंगामात तुमच्या घरचा कापूस केंद्रावर घातला असेल. काय भाव मिळाला?"

मी गप्प.

"चुकारा एकदम मिळाला की हप्त्यानं?"

मी गप्प.

"एका क्विंटलमागं घरून खर्च किती येतो? अंदाजानं सांगा."

मी छताकडे पाहिलं. मग खोटं बोललो. म्हटलं, "सर, मी शिकायला बाहेर असतो, पण सुट्टीत शेतीत मदत करतो." त्यांनी लगेच विचारलं, "वेचणीची मजुरी काय चालली आहे?" तेही मला सांगता आलं नाही. गृहस्थ रागावले नाहीत. त्यांनी फाईल हळूच मिटली आणि "ठीक आहे, या" असं म्हणाले. त्या "या"चा अर्थ मला जिना उतरताना कळला. ना कपिल देव विचारला, ना अलिप्त राष्ट्रं.

परत आलो. वडील बैलगाडी घेऊन स्टेशनवर आले होते. अर्धी वाट ते काही बोलले नाहीत. मग विचारलं, "काय इचारलं?"

मी सगळं सांगितलं. भाव विचारला, चुकारा विचारला, खर्च विचारला, मजुरी विचारली. वडिलांनी बैलांचा कासरा सैल सोडला आणि म्हणाले, "हे मले इचारलं असतं तं म्या सांगतलं नसतं का?"

श्रोतेहो, नापास झाल्याचं दुःख मी महिन्याभरात विसरलो. हे वाक्य चाळीस वर्षं झाली तरी विसरलो नाही. त्या माणसानं तीन रात्री खरेदी केंद्राच्या रांगेत गाडीखाली झोपून काढल्या होत्या. ग्रेडरशी हुज्जत घातली होती. त्याच पैशातून माझ्या खोलीचं भाडं गेलं होतं. जगाच्या राजधान्या माहीत असलेल्या मला हे माहीत नव्हतं. माहीत करून घ्यावं असं वाटलंही नव्हतं. खरं सांगायचं तर, त्याची मला लाज वाटत होती.

दुसरी संधी दोन वर्षांनी आली, १९८५ साली. या वेळी मी तयारी घरी केली. संध्याकाळी जेवणं झाली की ओट्यावर कंदील घेऊन बसायचं. वडील सांगायचे, मी लिहून घ्यायचो. एकरी बियाणं किती लागतं, डवरणीचे फेर किती, निंदणाला बाया किती, पहिल्या वेचणीच्या आधी सीतादही का करतात, पाऊस उशिरा आला तर काय पेरायचं, सावकाराचं व्याज आणि सोसायटीचं व्याज यात फरक किती. आठ दिवसांत एक शंभर पानी वही भरली. मग मी म्हटलं, "बाबा, आता तुम्ही मला प्रश्न विचारा. तुम्ही मोठे साहेब आहात असं समजा." ते हसले. म्हणाले, "म्या कायचा सायेब?" पण विचारू लागले.

त्यांनी विचारलेला एक प्रश्न मी शेवटी सांगणार आहे. आधी मुलाखत या गोष्टीबद्दल थोडं बोलू. कारण आपल्याकडं तिच्याबद्दल दोन टोकाच्या समजुती आहेत. एक, मुलाखत म्हणजे सगळा वशिल्याचा कारभार, तयारी करून उपयोग नाही. दुसरी, मुलाखत म्हणजे फाडफाड इंग्रजी, चकचकीत बूट आणि पाठ केलेली उत्तरं.

वशिल्याची शंका लोकांच्या मनात उगाच आलेली नाही, हे मान्य करू. म्हणून तर न्यायालयांनी त्यात लक्ष घातलं. १९८५ सालीच, अशोक कुमार यादव विरुद्ध हरियाणा राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं मुलाखतीला वारेमाप गुण ठेवण्यावर बोट ठेवलं आणि सर्वसाधारण उमेदवारांसाठी मुलाखतीचे गुण एकूण गुणांच्या १२.२ टक्क्यांवर जाऊ नयेत असं सांगितलं. पुढं केंद्र सरकारनं १ जानेवारी २०१६ पासून आपल्या कनिष्ठ पदांसाठीच्या मुलाखती बंदच केल्या.

आज जिथं मुलाखत आहे तिथला हिशेब बघा. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेत लेखी १७५० गुणांची आणि मुलाखत २७५ गुणांची. आपल्या राज्यसेवेला अनेक वर्षं लेखी ८०० आणि मुलाखत १०० होती. २०२५ पासून तिथंही १७५० आणि २७५ अशी पद्धत आली. फौजदाराच्या पदाला मुलाखतीचे गुण ४०. बँकांच्या प्रोबेशनरी ऑफिसर पदाला मुख्य परीक्षा आणि मुलाखत यांचं प्रमाण ८० ला २०. म्हणजे मुख्य भार लेखी परीक्षेचाच. पण लेखीत सगळे एकमेकांना खेटून उभे असतात. तिथं मुलाखतीतले दहा गुण माणसाला यादीत आत आणतात किंवा बाहेर ठेवतात. म्हणून तयारी करायची.

आणि तयारी कशाची, तेही आयोगानं सांगून ठेवलंय. केंद्रीय लोकसेवा आयोग या टप्प्याला व्यक्तिमत्त्व चाचणी म्हणतो. ही उलटतपासणी नाही, एक सहज पण हेतू ठेवून केलेली बातचीत आहे, अशा अर्थाचं त्यांच्या नियमातच लिहिलेलं आहे. ज्ञान तर लेखी परीक्षेत तपासून झालेलं असतं. इथं त्यांना बघायचं असतं की समोरचा माणूस डोळे उघडे ठेवून जगलाय की नाही.

आता प्रत्यक्ष तयारीकडे वळू. मी मुलांना सांगतो, तुमची प्रश्नपत्रिका आधीच फुटलेली आहे. तुम्हीच ती लिहिली आहे. तो तुमचा अर्ज. नाव, गाव, तालुका, जिल्हा, शिक्षण, आवड. एकेका शब्दाखाली रेघ मारा आणि त्यावर पाच-पाच प्रश्न काढा.

जिल्ह्यापासून सुरुवात करू. बुलडाण्याचा मुलगा म्हटल्यावर लोणार विचारणारच. "उल्कापातानं झालेलं सरोवर," एवढं सगळेच सांगतात. त्याच्या पुढं चला. हे विवर बेसॉल्टच्या, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणाच्या थरात झालंय. त्याचा व्यास अठराशे मीटरच्या घरातला. पाणी खारं आणि अल्कधर्मी. २०२० च्या जूनमध्ये ते गुलाबी झालं आणि देशभर गाजलं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं तपासणी करून सांगितलं की क्षारप्रिय सूक्ष्मजीवांमुळं तो रंग आला. त्याच वर्षी या सरोवराला रामसर पाणथळीचा दर्जा मिळाला. इथपर्यंत पुस्तकात मिळेल. पण बोर्ड विचारेल, "या दर्जानं लोणारच्या माणसाच्या आयुष्यात काय फरक पडावा?" याचं उत्तर पुस्तकात नाही. त्यासाठी काठावर जाऊन चहाच्या टपरीवाल्याशी बोलावं लागेल.

सिंदखेडराजा म्हटलं की जिजाऊंचं जन्मस्थान, १२ जानेवारी. हे लहान पोरही सांगेल. पण तिथूनच समृद्धी महामार्ग जातो. १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर सिंदखेडराजाजवळ त्या महामार्गावर खासगी बस उलटून पेटली आणि २५ प्रवासी गेले. आम्ही तालमीत एका मुलाला विचारलं, "तुम्ही तिथले तहसीलदार आहात. रात्री दोनला फोन आला. पहिल्या तासात काय कराल?" तो म्हणाला, "सर, चौकशी समिती नेमीन." बँकेच्या बाई हळूच म्हणाल्या, "बाळा, आधी अँब्युलन्स बोलाव." सगळे हसले, तोही हसला. पण त्या दिवसानंतर तो अपघाताची बातमी वेगळ्या नजरेनं वाचू लागला, हे त्यानंच मला सांगितलं.

मग आवड. शंभरात नव्वद अर्जांवर असतं, "छंद : वाचन." शेवटचं पुस्तक कोणतं वाचलं? इथं शांतता. एका मुलीला मी विचारलं, "बुलडाण्याच्या एका बाईनं १८८२ साली एक पुस्तक लिहिलं, ते माहीत आहे का?" तिला नव्हतं माहीत. ताराबाई शिंदे आणि 'स्त्री-पुरुष तुलना'. बाईच्या जातीला दोष देणाऱ्या समाजाला आपल्याच गावच्या एका बाईनं त्या काळी खडसावून विचारलं होतं. त्या मुलीनं ते पुस्तक मिळवून वाचलं. मेहकरचे कवी ना. घ. देशपांडे यांचं नावही असंच विस्मरणात गेलेलं असतं. वाचायचं नसेल तर वाचन लिहू नका. क्रिकेट बघता तर क्रिकेट लिहा, भजनात टाळ वाजवता तर भजन लिहा. मात्र जे लिहाल त्याबद्दल पाच मिनिटं बोलता आलं पाहिजे.

आता एक अनुभव सांगतो. संग्रामपूर तालुक्यातली एक मुलगी आमच्याकडं आली. हुशार, लेखीत चांगले गुण. मी विचारलं, "तुमच्या गावाबद्दल सांगा." ती म्हणाली, "आमच्या गावात सांगण्यासारखं काही नाही सर." मी म्हटलं, "बरं. पाणी कुठलं पिता?" आणि ती बोलायला लागली. श्रोतेहो, पूर्णेच्या काठचा तो खारपाणपट्टा. विहिरीला पाणी आहे, पण तोंडात धरवत नाही. तिच्या आईनं लहानपणापासून पावसाचं पाणी पत्र्यावरून टाक्यात कसं उतरवलं, टँकर आला की बाया कशा धावतात, गावात मूत्रपिंडाच्या आजाराचे किती रुग्ण आहेत, तिचे काका डायलिसिसला जाताना आठवड्याचा पगार कसा बुडतो. दहा मिनिटं ती बोलली. आवाज कापला, पण थांबली नाही. आम्ही तिघं ऐकत राहिलो.

मी तिला म्हटलं, "हेच सांगायचं. फक्त त्यात तीन गोष्टी जोड. पाणी खारं का, आजवर काय उपाय झाले आणि तू अधिकारी झालीस तर पहिलं काय करशील." ती महिनाभर त्यामागं लागली. ग्रामपंचायतीत गेली, भूजल खात्यात गेली, डॉक्टरांना भेटली. त्या वर्षी तिची निवड झाली नाही. पुढच्या वर्षी दुसऱ्या पदावर झाली. पण "आमच्या गावात काही नाही" हे वाक्य तिच्या तोंडून पुन्हा आलं नाही.

सरावाची पद्धत विचाराल तर ती साधी आहे. मनातल्या मनात दिलेलं उत्तर नेहमी छान असतं. म्हणून मोठ्यानं बोला. मोबाईलवर आवाज ध्वनिमुद्रित करा आणि ऐका. पहिल्यांदा स्वतःचा आवाज ऐकवणार नाही. "ॲक्च्युअली" किती वेळा येतं आणि वाक्य अर्ध्यात कुठं तुटतं, ते तेव्हाच कळतं. आठवड्यातून एकदा तिघांसमोर बसा. त्यातला एक तरी अनोळखी हवा, कारण मित्रासमोर कुणाची जीभ अडखळत नाही. आता कंपन्यांच्या मुलाखती मोबाईलच्या पडद्यावरही होतात. त्यासाठी गावात रेंज कुठं टिकते ती जागा आधी हेरून ठेवा. आमचा एक विद्यार्थी शाळेच्या गच्चीवर बसून मुलाखत देऊन आला आणि पास झाला.

भाषेचा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. राज्याच्या परीक्षेत मराठीत बोलता येतं. केंद्राच्या नागरी सेवेची लेखी परीक्षा मराठीत दिली तर मुलाखतही मराठीत देण्याची सोय आहे. मग वऱ्हाडीचं काय? बोर्डापुढं प्रमाण मराठीत बोला, कारण समोरच्याला कळलं पाहिजे. पण "ळ"चा "य" झाला, एखादा हेल वऱ्हाडी आला, तर घाबरू नका. हेल लपवायच्या नादात मुलं मुद्दा विसरतात.

आणि "माहीत नाही" म्हणायला शिका. हा सराव सगळ्यात अवघड आहे. आमच्याकडं अक्षयतृतीयेला भेंडवळची घटमांडणी होते. तिचं भाकीत ऐकायला लांबून शेतकरी येतात. बोर्डानं विचारलं, "या भाकितावर तुमचा विश्वास आहे का?" तर गडबडू नका. परंपरा काय आहे ते सांगा, शेतकरी का येतो ते सांगा, हवामान खात्याचा अंदाज कशावर चालतो ते सांगा आणि स्वतःचं मत शांतपणे सांगा. जे ठाऊक नाही तिथं "मला याची माहिती नाही, सर" एवढंच म्हणा. मी १९८३ साली मजुरीबद्दल हे म्हणालो असतो तर कदाचित निभावलं असतं. मी नापास झालो ते सुट्टीत शेतीत राबतो या थापेनं. ते गृहस्थ खेड्यातलेच असावेत. त्यांनी माझे हात पाहिले असतील.

बाकी गोष्टी किरकोळ वाटतात, पण ऐनवेळी त्याच घात करतात. मूळ कागदपत्रं, जातीचं प्रमाणपत्र, वैधता, अधिवास, नॉन-क्रीमीलेअर, सगळं आठ दिवस आधी एका फाईलीत लावा. अर्जावरचं नाव आणि सनदेवरचं नाव एकच आहे ना, बघा. मुंबईची मुलाखत असेल तर आदल्या दिवशी पोचा. घाटावरच्या मुलांना आधी एस. टी.नं मलकापूर गाठून मग रेल्वे धरायची असते, तो वेळ हिशेबात धरा. कपडे स्वच्छ, स्वतःचे आणि अंगाला सवय झालेले. उसना कोट नको, हा माझा अनुभवाचा सल्ला.

आई-वडिलांनाही दोन शब्द. तुम्ही म्हणता, "आम्हाले काय समजते मुलाखतीतलं?" तुम्हाला पुष्कळ समजतं. पोरगं वही घेऊन तुमच्याजवळ बसलं तर त्याला हाकलू नका. गावच्या पाण्याचा, पिकाचा, कर्जाचा, दुकानाचा, मजुरीचा हिशेब त्याला सांगा. हमाली करत असाल तर पोत्याचं वजन अन् दर सांगा. शिवणकाम करत असाल तर ब्लाऊजमागं किती सुटतात ते सांगा. आणि निकाल वाईट लागला तर स्टेशनवर घ्यायला जा. माझे वडील आले होते.

आता तो राहिलेला प्रश्न. ओट्यावर, कंदिलाच्या उजेडात वडिलांनी मला शेवटी विचारलं होतं, "समज तू सायेब झाला अन् माह्यासारखा माणूस तुह्या हापिसात आला, तं त्याले बसाले सांगशील का उभाच ठेवशील?"

मी म्हटलं, "बसायला सांगीन."

ते म्हणाले, "चप्पल चिखलाची असली तं?"

मी लगेच उत्तर दिलं नाही. त्यांनीही घाई केली नाही.

१९८५ च्या मुलाखतीत हा प्रश्न कुणी विचारला नाही. कापसाचे विचारले. ते मी सांगितले, भाव, चुकारा, खर्च, मजुरी, सगळे. निवड झाली. पुढं २०१८ पर्यंत तेहतीस वर्षं सरकारी नोकरी केली. त्या काळात दारात चिखलाची चप्पल घेऊन माणूस रोज उभा राहिला. दरवेळी मी त्याला खुर्ची दिली असं छातीठोकपणे सांगत नाही. पण ज्या दिवशी दिली नाही, त्या रात्री तो कंदील मला आठवला.

म्हणून दर रविवारी मी पहिला प्रश्न तोच विचारतो. परवा घाटावरचा एक मुलगा आला होता. विचारलं, "वडील काय करतात?" त्यानं मान वर ठेवूनच सांगितलं, "सर, पाच एकर शेती आहे. यंदा सोयाबीन लावलं होतं. एकरी उतारा सांगू का?"

मी म्हटलं, "सांग. सावकाश सांग."